विमानातले साप आणि बांधावरची धामण

उडत्या विमानात शेकडो साप सुटले तर? हसू नका. याच कल्पनेवर अमेरिकेत एक सिनेमा निघाला होता. नाव 'स्नेक्स ऑन अ प्लेन', म्हणजे सरळसरळ 'विमानात साप'! परवा माझ्या चौथीच्या वर्गात एका येणाऱ्या सिनेमावरून गलका चालला होता. सिनेमा लागायचाय अजून, पण सगळ्यांना सगळं माहीत! त्यांना गप्प करता करता मला माझं नववीचं वर्ष आठवलं.

मी सातारा जिल्ह्यात शिकवते, पण माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, शिराळा तालुक्यातलं. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तुम्ही ऐकली असेल. पूर्वी तिथे जिवंत नागांची पूजा व्हायची. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार घेऊन पुढे न्यायालयानं नागांचे खेळ थांबवले. तर अशा गावाकडची मी, आणि मला सापाचं नवल वाटलं ते सांगलीच्या नेट कॅफेत!

2006 सालचा पावसाळा. मामेभाऊ सांगलीत शिकत होता. तो मला कौतुकानं तिथे घेऊन गेला. एक पान उघडेपर्यंत भेळ खाऊन व्हावी, असा तो वेग. पडद्यावर विमान आणि त्याला विळखा घातलेले साप. "सिनेमा अजून लागला नाही. ही चित्रं लोकांनीच केलीत," दादा म्हणाला. गोष्ट अशी, की होनोलुलूहून लॉस एंजेलिसला निघालेल्या विमानात एक साक्षीदार असतो. त्याला मारायला गुंड साप सोडतात आणि ते चवताळावेत म्हणून फुलांच्या हारांवर कसलंसं द्रव्य फवारतात. आहे की नाही अचाट? मध्यंतरी कंपनी नाव बदलणार होती, तर नायक सॅम्युअल जॅक्सननं हट्ट धरला, नाव हेच हवं. न पाहिलेल्या सिनेमावर लोकांनी गाणी रचली, संवाद लिहिले. शेवटी कंपनीनं मार्च 2006 मध्ये आणखी पाच दिवस चित्रीकरण करून लोकांच्या आवडीचे प्रसंग वाढवले.

गावी आले आणि मी पारावर ही गोष्ट सांगत सुटले. पहिल्या दिवशी साप शंभर होते, दुसऱ्या दिवशी पाचशे. तिसऱ्या दिवशी विमानच पुण्याहून सुटलं. पोरं माझ्याभोवती गोळा व्हायची. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

आजोबांनी एकदा ऐकलं आणि ते खो खो हसले. "अगं पोरी, साप गार रक्ताचा. विमानाच्या गारठ्यात त्यो येटोळं करून गप पडंल. आन् माणसं नाचाय लागली की धक्क्यानं घाबरून कोपरा हुडकंल. त्याला काय पडलंय तुमच्याशी!" मला राग आला. माझी गोष्ट बिघडवत होते ना ते!

नंतर चार-पाच दिवसांनी आम्ही शाळेतून येत होतो. भुईमुगाच्या रानाच्या बांधावर लांबलचक साप दिसला. पिवळसर तपकिरी, सरसर जाणारा. "नाग! नाग!" असं कुणीतरी ओरडलं. कामावरची माणसं काठ्या घेऊन धावली. पोरांनी दगड मारले. दोन मिनिटांत सगळं संपलं.

आजोबा आले. त्यांनी काठीच्या टोकानं त्याला उलटवलं. "धामण हाय ही. बिनइषारी," एवढंच म्हणाले. धामण उंदीर खाते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. आदल्याच वर्षी उंदरांनी आमच्या शेंगा पोखरल्या होत्या. आजोबांनी बांधाच्या कडेला खड्डा काढला आणि तिला पुरलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

18 ऑगस्टला अमेरिकेत सिनेमा लागला. श्रावणच चालू होता आपल्याकडे. एवढा डांगोरा पिटला होता, पण कंपनीच्या अपेक्षेइतकी गर्दी काही झाली नाही. मी तो पुढे कॉलेजात असताना सीडीवर पाहिला. अर्ध्यावरच बंद केला.

परवा वर्गात हे सगळं सांगितलं. पोरं विमानाच्या भागाला खूप हसली, मग धामणीपाशी गप्प झाली. मागच्या बाकावरच्या एकीनं हात वर केला. "बाई, पण 'नाग' असं पहिल्यांदा ओरडलं कोण?"

मीच ओरडले होते. आजोबांना मी ते कधी सांगितलं नाही.