छाप

निपाणीच्या घरी मला अक्षरओळख होण्यापूर्वी छापांची ओळख झाली. कारण आजोबांनी ओढून रिकाम्या केलेल्या विडीच्या कट्ट्यांची वेष्टने मी डब्यात जपून ठेवीत असे, आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी आजी त्यांतील प्रत्येक छाप नावाने ओळखीत असे, जरी तिला स्वतःची सहीही करता येत नव्हती.

पातळ कागद, भडक लाल-पिवळी शाई, मध्ये लंबवर्तुळात मालकाची रुमालबंद तसबीर, खाली त्याची वळणदार स्वाक्षरी आणि भोवती वेलबुट्टी, अशी ती रचना अडाणी वाटली तरी पूर्ण विचारांती झालेली होती. गिऱ्हाईक वाचणारे नसे, ते चित्र पाहून माल मागे, आणि नक्कल करणारा एखादी रेघ इकडची तिकडे करून त्याला फसवी. 1940 च्या कायद्याने अशा चिन्हांच्या नोंदणीची सोय झाली आणि छापेला दस्तऐवजाची प्रतिष्ठा आली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आमचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, कचेरीची भाषा बदलली. परंतु मी ज्या देवचंद महाविद्यालयात शिकलो ते निपाणीलगतच्या अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत असूनही तेथील टपरीवर तीच तसबीर, तीच स्वाक्षरी असे.

पुढे पुण्याच्या साबळे वाघिरे यांच्या विडीवरील ‘संभाजी’ हे नाव लोकांच्या विरोधामुळे जाऊन ‘साबळे’ आले, हे मला उचितच वाटले. एप्रिल 2016 पासून तर तंबाखूच्या वेष्टनाची 85 टक्के जागा धोक्याच्या इशाऱ्याने व्यापली. तेही योग्यच, तथापि डब्यातील ती वेलबुट्टी आठवून मन हळवे झाले.

परवा बेळगावी नातवाच्या स्केटबोर्डाखाली एक चित्र पाहिले: मनगटापासून तुटलेला निळा हात आणि तळव्यात किंचाळणारे उघडे तोंड. जिम फिलिप्स या अमेरिकन चित्रकाराने 1985 मध्ये सांताक्रूझ कंपनीसाठी ते काढले, असे नातवाने मोठ्या अभिमानाने सांगितले. मी मात्र बराच वेळ त्या तळव्याकडे पाहत राहिलो. आजीच्या तर्जनीवर दोरा ओढून ओढून खाच पडली होती. कारखान्यात वाईट म्हणून बाजूस काढलेल्या विड्यांची मजुरी बुडाली, तरी ती घरी येऊन कधी चकार शब्द काढीत नसे. संध्याकाळी राखेने हात घासघासून ती भाकरी थापावयास बसे, आणि तरीही पहिल्या घासाला तंबाखूचा किंचित कडवटपणा येई.