चांगीच्या मुक्कामातून दादाला

मुंबई विमानतळ, रात्री

ती. दादास,


सामान आत गेलं, पास हातात आले, आता विमान सुटेपर्यंत बसायचंच आहे म्हणून लिहायला घेतलं. फोनवर तू ‘पोचलात का, जेवलात का’ एवढं विचारून ठेवतोस, आणि मला तर तुझ्याशी बरंच बोलायचं आहे. कागदांचे फोटो काढून तुझ्या धाकट्याला पाठवीन, त्याने तुला वाचून दाखवावेत. तोही शिकायला ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणतो आहे, तर त्याच्याही उपयोगी पडेल.

आमचं हे विमान सकाळी सिंगापूरला उतरवतं. मेलबर्नचं पुढचं विमान रात्रीचं. मधला अख्खा दिवस मोकळा. लगेच जोडून मिळणारं विमानही होतं, पण मी हेच घ्या म्हटलं. हे म्हणाले, ‘या वयात दिवसभर विमानतळावर बसायचं?’ म्हटलं, बसायचं नाही, गावात जायचं. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा ज्याच्याकडे आहे अशा भारतीयाला, तिकडे जाताना किंवा येताना, सिंगापुरात ९६ तासांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय थांबता येतं. पुढचं पक्कं तिकीट मात्र दाखवावं लागतं, आणि आत सोडायचं की नाही हे शेवटी तिथला अधिकारी ठरवतो. तिथे पोचण्याआधीच्या तीन दिवसांत त्यांचं आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरायचं, त्याला पैसे पडत नाहीत. मेलबर्नच्या लेकीने तिकडून ते भरून दिलं. मोठ्या बॅगांवर थेट मेलबर्नची चिठ्ठी लावली आहे, त्या आता तिथेच दिसतील. खांद्याला एक पिशवी, तिच्यात औषधं, छत्री आणि तांदळाच्या भाकऱ्या.

मुरबाडहून कल्याणमार्गे आलो. ठाण्यापुढे तानसाच्या मोठ्या पाइपलाइनी दिसल्या आणि तुझी आठवण झाली. लहानपणी तू मला त्यांच्यावर कान लावायला सांगायचास, पाणी वाजतंय का बघ म्हणून. १८९२ सालापासून आपल्या शहापूरचं पाणी मुंबईला जातं आहे. आज सकाळी निघताना शेजारच्या पाड्यावर टँकरपुढे हंड्यांची रांग लागली होती. त्यामुळे सिंगापुरात काय बघायचं हे माझ्या मनात गाडीतच पक्कं झालं. बाजार नको, उंच इमारती नकोत. त्या शहराला पाणी कुठून येतं, ते बघायचं.

चांगी विमानतळ, सिंगापूर, सकाळी

ती. दादास,

उतरलो. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. धाकट्याला सांग, घड्याळ विमानातच फिरवून घ्यावं, नाहीतर मोकळ्या वेळाचा हिशोब चुकतो.

आधी तोंड धुतलं, कपडे बदलले, पिण्याच्या पाण्याच्या नळावर बाटल्या भरून घेतल्या. इथे नळाचं पाणी कुठेही बिनधास्त पितात. बाटली भरताना मला नाणेघाट आठवला. वैशाखऱ्याकडून चढून दम लागला की वर कातळातली टाकी आणि गार पाणी. सोपारा-कल्याणच्या बंदरातून जुन्नरकडे जाणारे सातवाहनांच्या काळातले व्यापारी तिथेच थांबत असतील. राणी नागनिकेचा लेख, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आणि पाण्याची टाकी हे सगळं एका जागी आहे. लांबच्या वाटेवर माणसाला थांबायला लागतं आणि थांबला की आधी पाणी लागतं, हे त्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी कातळ फोडून दाखवलं. म्हणून मुरबाडच्या माणसाने विमानतळावरच्या मुक्कामाला वाया गेलेला वेळ म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

ज्याच्याकडे वेळ थोडा आहे त्याच्यासाठी इथे विमानतळाचीच फुकट सहल आहे. दोन विमानांमध्ये निदान साडेपाच तास असले आणि व्हिसाची अडचण नसली की नाव नोंदवता येतं. अडीच तासांत बसने शहर दाखवून परत आणतात. पहिल्यांदा येणाऱ्याने ती जरूर घ्यावी. आम्ही घेतली नाही, कारण आम्हांला जिथे जायचं होतं तिथे मनासारखं बसायचं होतं.

इमिग्रेशनच्या बाईंनी परतीचं नाही, पुढचं तिकीट मागितलं. कुठे जाणार विचारलं. ‘मरीना बराज’ म्हटल्यावर त्यांनी मान वर करून बघितलं आणि हसल्या.

मरीना बराज, दुपारी

ती. दादास,

धरणाच्या छपरावर बसून लिहिते आहे. खरंच छपरावर. खाली पंपघर आहे आणि वर हिरवळ. उतरतं छप्पर आहे, चालत वर येता येतं. मुलं पतंग उडवताहेत, लोक चादरी टाकून बसलेत. ऊन आपल्या वैशाखासारखंच, पण वारा समुद्राचा.

यायला विमानतळावरूनच मेट्रो मिळाली. पहिली गाडी तानाह मेरापर्यंत, तिथे बदल, पुढे मरीना बेच्या बाजूला आणखी बदल, आणि गार्डन्स बाय द बे स्टेशनला उतरून थोडं चालणं. आपलं बँकेचं कार्ड दारावर टेकवलं की झालं, तिकिटाची रांग नाही. गाडीत खाणं-पिणं बंद आहे, ५०० डॉलर दंडाची पाटीच आहे. हे भाकरी काढायला निघाले होते, मी हात धरला. आता छपरावर खाल्ली, लसणाच्या चटणीबरोबर.

आता धरण सांगते. समुद्राला मिळणाऱ्या खाडीच्या तोंडावर ३५० मीटर लांबीचा बांध आहे, त्याला पोलादी नऊ दरवाजे. एका बाजूला समुद्र, त्यात जहाजं नांगरून उभी. दुसऱ्या बाजूला ऐन शहराच्या मध्यावर गोड्या पाण्याचं तळं. २००८ साली हे सुरू झालं. तेव्हा आतलं पाणी खारंच होतं, पावसाच्या पाण्याने हळूहळू ते धुऊन गोडं केलं. जोराचा पाऊस आला आणि ओहोटी असली की दरवाजे उतरवून जादा पाणी समुद्रात सोडतात. भरती असली तर दरवाजे उघडून उपयोग नाही, समुद्रच आत येईल, तेव्हा सात प्रचंड पंप ते पाणी उपसून बाहेर टाकतात. पूर्वी सखल भागात पाणी तुंबायचं, तेही यामुळे आटोक्यात आलं. देशाच्या सहाव्या हिश्श्याएवढ्या जमिनीवरचं पाणी या एका तळ्यात येतं. रस्त्यावरचं, गच्चीवरचं, गटारावाटे वाहणारं पावसाचं पाणी. त्यासाठी सांडपाण्याचे नळ पूर्ण वेगळे ठेवले आहेत. खाली प्रदर्शनात हे सगळं नीट मांडून दाखवलं आहे.

हा अख्खा देश आपल्या शहापूर तालुक्यापेक्षा लहान आहे, दादा. पाऊस वर्षाला साधारण २४०० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे पडतो त्याच्या आसपास. फरक एवढाच की इथे तो बाराही महिने पडतो आणि आपल्याकडे चार. पण आपल्याकडे भातसा आहे, तानसा आहे, मोडकसागर आहे. साठवायची सोय नाही असं कोण म्हणेल?

माझ्या शेजारी एक आजोबा नातवाचा पतंग सोडवत बसले होते. मूळचे तमिळ, जन्म इथलाच. यांनी त्यांना भाकरीचा तुकडा दिला आणि बोलणं निघालं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघांचं छान जमलं. ते म्हणाले, लहानपणी, १९६३ च्या दुष्काळात, नळाला ठरावीक वेळीच पाणी यायचं, आई बादल्या भरून ठेवायची. सिंगापूर नदीच्या कडेने जाताना नाक दाबावं लागायचं. १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं लावून सरकारने ती नदी साफ केली. मग त्यांनी मला विचारलं, ‘तुमच्या गावाला पाणी कुठून येतं?’

मी म्हटलं, ‘आमच्या गावचं पाणी मुंबईला जातं.’

त्यांना ते कळेना. मग मी वहीत नकाशा काढला. इथे भातसा धरण, इथून पाणी नदीने पिसेपर्यंत, तिथे उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मुंबई. मुंबईच्या रोजच्या पाण्यातलं जवळपास निम्मं या एका धरणाचं. आणि धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरातले पाडे, जिथे मे महिन्यात बायका ओढ्याच्या कोरड्या पात्रात झिरा उकरतात, पाणी पाझरायची वाट बघतात आणि वाटीने हंडा भरतात. वाटी खरवडल्याचा आवाज मी त्यांना हाताने करून दाखवला. पाइपलाइनीच्या लगतच्या काही गावांना पाणी मिळतं, हेही सांगितलं, उगाच खोटं कशाला? पण पाड्यांचं काय?

ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘आम्हांलाही जोहोर पाणी देतं.’

ही गोष्ट तुला सांगण्यासाठीच हे पत्र एवढं लांबलं. जोहोर म्हणजे पुलापलीकडचं मलेशियाचं राज्य. १९६२ च्या करारानुसार सिंगापूरला जोहोर नदीतून दिवसाला २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेता येतं आणि हा करार २०६१ पर्यंत आहे. दर हजार गॅलनला तीन सेन. हा दर फार कमी आहे म्हणून मलेशिया वर्षानुवर्षं भांडतं आहे आणि मला त्यांचं भांडण पटतं. पण त्याच करारात एक कलम आहे. जितकं कच्चं पाणी सिंगापूर नेईल, त्याच्या दोन टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेलं पाणी ठरलेल्या दराने जोहोरला परत मिळण्याचा हक्क आहे. कागदावर लिहिलेला हक्क आहे हा. कुणाच्या मेहरबानीवर नाही, टँकर मंजूर होण्यावर नाही.

दादा, आपल्याकडे दोन टक्के म्हणजे किती होतील? मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी जातं. सगळं काही आपल्या तालुक्यातलं नाही, पण मोठा वाटा आपला. नुसत्या भातसाचे दोन हजार धरले तर दोन टक्के चार कोटी लिटर होतात. माणशी ५५ लिटर धरलं तर सात लाख माणसांना पुरेल. शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुक्यांतली खेडी मिळून एवढी माणसं नाहीत. मी हा हिशोब वहीत दोनदा करून बघितला, मग आजोबांच्या नातवाने फोनवर करून दाखवला. बरोबर आहे. डोंगरातल्या पाड्यांपर्यंत पाणी चढवायला खर्च येईल, हे मलाही समजतं. पण पाणी कमी आहे म्हणून मिळत नाही, असं यापुढे कुणी सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही.

वीज चमकते आहे. आजोबा म्हणतात, दुपारचा पाऊस इथे रोजचाच. आम्ही खाली जातो.

चांगी विमानतळ, संध्याकाळी

ती. दादास,

वेळेत परत आलो. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचायचं, हा नियम धाकट्याने इथेही पाळावा. पायाला गोळे आले आहेत, पण यांचा चेहरा खुलला आहे, ‘चांगलं केलंस’ म्हणाले.

विमानतळालगत ज्युएल नावाची काचेची मोठी इमारत आहे, २०१९ साली उघडलेली. तिच्या छपरातून ४० मीटर उंचीवरून धबधबा कोसळतो आणि भोवती झाडांच्या पायऱ्या. इमारतीच्या आतला जगातला सगळ्यात उंच धबधबा म्हणतात, आणि त्याला पावसाचं साठवलेलं पाणी वापरतात. गर्दी फार होती. आम्ही थोडा वेळ उभं राहून बघितलं, फोटो काढला, तो वहिनीला दाखव. माळशेजचा पावसाळ्यातला कुठलाही धबधबा मला याच्याहून आवडतो. पण हा माझ्यासारखीला पायऱ्या न चढता बघता येतो, म्हाताऱ्या माणसांसाठी ते मोठंच आहे.

सिंगापुरात सांडपाणी पिण्याजोगं शुद्ध करण्याचे कारखाने २००३ पासून चालू आहेत. ते पाणी मुख्यतः कारखान्यांना देतात आणि कोरड्या दिवसांत धरणात मिसळतात. समुद्राचं पाणीही गोडं करतात. २०६१ नंतर जोहोरचं पाणी मिळेल ना मिळेल, तर त्याआधी आपल्या पायावर उभं राहायचं, अशी त्यांची तयारी चालली आहे. मुंबईनेही आपलं सांडपाणी असं वापरात आणलं तर आपल्या डोंगरात आणखी धरणं मागायची वेळ येणार नाही. आपली आणखी जंगलं बुडायला नकोत.

आता कामाचं. येत्या ग्रामसभेत हा दोन टक्क्यांचा विषय तू मांड. भाषण करू नकोस, नुसता वहीतला हिशोब वाच. त्या पानाचा फोटो वेगळा पाठवते आहे. भावली धरणातून आपल्या तालुक्याला पाणी आणायच्या योजनेचं काम कुठवर आलं तेही सभेत विचार आणि उत्तर लिहून घे, तोंडी नको. किन्हवली, डोळखांब, शेणवे, तिन्हीकडच्या ओळखीच्या लोकांना बरोबर घे. मुरबाडच्या बाजूला, सरळगाव आणि धसईत, मी आल्यावर स्वतः फिरेन. तिकडे बारवी धरणाचंही असंच आहे, पाणी शहरांना आणि एमआयडीसीला.

राब भाजून झाले का? बियाणं कोणतं घेतलंस? ‘गुडघ्याला तेल लावतेस का’ असं मी विचारलं आहे म्हणून वहिनीला सांग. आमच्या घरची चावी शेजारी आहे, तुळशीला एक तांब्या घालायला सांगितलं आहे, तू गेलास तर बघ.

विमानाची घोषणा झाली. मेलबर्नला उतरल्यावर फोन करते. ग्रामसभेची तारीख कळव.

तुझी
माई