कढीपत्त्याच्या झाडाखाली



माझं माहेर धुळ्याचं. तिथे मागच्या अंगणात लिंबाचं झाड होतं आणि पावसाळ्यात त्याच्याभोवती फुलपाखरं असायचीच. जळगावला सासरी आल्यावर घरामागच्या छोट्याशा जागेत तसंच काही करावं असं फार वाटायचं. मग नर्सरीतून झेंडू, सदाफुली, एक्झोरा आणला. फुलपाखरं यायची, दोन मिनिटं बसायची आणि भिंतीपलीकडे निघून जायची.

एका चौमाशात कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या. आधी वाटलं, पक्ष्याची विष्ठा पडली आहे. चार दिवसांनी पाहिलं तर बोटभर हिरव्यागार अळ्या, आणि फांद्या नुसत्या काड्या! रविवारी फुणके-कढीला पान मिळेना. रागारागात औषध आणलं आणि फवारलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई काही न बोलता फरशीवरच्या अळ्या कागदावर उचलत होत्या. लेक शाळेतून आला आणि म्हणाला, "मम्मी, ही तर फुलपाखराची पिल्लं होती."

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले. इरियावहियंमध्ये एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्या जीवांची आपण रोज क्षमा मागतो. पाणी गाळून पिणारी मी, पालेभाजी पानन् पान निवडणारी मी, आणि चार पानांसाठी हे केलं! त्या दिवशी तोंडातून शब्द निघेना.

मग मी नीट माहिती घेतली. फुलं म्हणजे फुलपाखराचं नुसतं जेवण. अंडी ते ठरावीक झाडावरच घालतं. मादी पायांनी पानाची चव घेते आणि झाड ओळखते. लिंबू आणि कढीपत्त्यावर एक जात, कण्हेरीवर दुसरी, रुईवर तिसरी. आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू राणी पाकोळी (2015 साली तो मान मिळाला), तिच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढतात. अंडं राजगिऱ्याच्या दाण्याएवढं. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण महिना लागतो. म्हणजे आपण फक्त महिनाभर पानांची आशा सोडायची.

आता माझ्याकडे कढीपत्त्याची दोन झाडं आहेत, एक आमचं आणि एक त्यांचं. आमच्या झाडावर अळी दिसली की पानासकट अलगद त्यांच्या झाडावर ठेवते. कोपऱ्यात कण्हेर लावली. तिचा चीक विषारी असतो, म्हणून लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. औषध पूर्ण बंद, कडुनिंबाच्या तेलाचंसुद्धा, कारण त्यानेही अळ्या मरतात. एका पसरट ताटलीत ओली माती ठेवते, फुलपाखरं त्यातले क्षार शोषायला बसतात. पाणी साचू देत नाही, नाहीतर डास होतात आणि पुन्हा हिंसा. वैशाखात आपल्याकडे ऊन किती तापतं हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा झाडांवर हिरवी जाळी बांधते.

सगळ्या अळ्या वाचत नाहीत. बुलबुल रोज येतो. पहिल्यांदा त्याने अळी उचलली तेव्हा मी हाकलायला धावले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याचंही पोट आहे. आपल्या हातून होऊ नये, एवढंच आपण बघायचं."

गेल्या पजूसणात सकाळी सामायिक करून मागे गेले तर कोष फुटलेला होता. काळं-पिवळं फुलपाखरू ओले पंख सुकवत त्याच फांदीला लटकलं होतं. सासूबाईंना हाक मारली. दोघी उभ्या राहून बघत होतो. अर्ध्या-पाऊण तासाने ते उडालं. मी मनातच मिच्छामि दुक्कडं म्हटलं, त्या फरशीवरच्या अळ्यांना.

तुमच्याकडेही कढीपत्ता असेलच. या पावसाळ्यात पानं कुरतडलेली दिसली तर औषध आणण्याआधी एकदा पान उलटून बघा.