आढ्याविना छप्पर

माझे वडील सुतार होते, आणि वयाच्या 51व्या वर्षापर्यंत मला एक खिळा सरळ ठोकता येत नव्हता.

हर्णै बंदराजवळचे आमचे गाव. अब्बा होड्यांची डागडुजी करत, घरांची छपरे चढवत. 'मुसलमान सुतार?' असे कॉलेजातले मित्र आश्चर्याने विचारत आणि मी हसून विषय बदलत असे. मी शिकावे, कचेरीत बसावे ही अब्बांचीच इच्छा. तरी रंधा चालवता चालवता कधी तरी ते म्हणायचे, "ये, जरा बघ तरी." मी पुस्तक पुढे करायचो. ते पुन्हा म्हणायचे नाहीत. पुढे हिशेबाची पदवी, सौदीतली काही वर्षे आणि 2006 साली कॅनडातले विनिपेग.

विनिपेगमध्ये जानेवारीत पारा उणे तिशीच्या खाली गेला तर त्याचे कुणाला नवल वाटत नाही. येथल्या गाडीच्या इंजिनाला एक वायर असते. रात्री ती घराच्या प्लगात लावून ठेवायची, तरच सकाळी गाडी सुरू होण्याची आशा. सतरा हिवाळे मी फजरची नमाज पढून बाहेर पडलो आणि अंधारात काचेवरचा बर्फ खरवडला. 2023 च्या वसंतात मात्र कंबर बोलू लागली. मागच्या गल्लीच्या बाजूला गॅरेज बांधायचे ठरले. कंत्राटदाराने सांगितलेला आकडा ऐकून मी गप्प बसलो. मुलगी म्हणाली, "अब्बू, आपणच बांधू या."

कुंपणापलीकडे एक वृद्ध शेजारी राहतात. आजोबा युक्रेनहून आलेले, स्वतः चाळीस वर्षे सुतारकाम करून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "शिडीवर मी चढणार नाही. खाली उभा राहून ओरडेन. चालेल?" चालणार होतेच.

नकाशा काढला, नगरपालिकेचा परवाना घेतला. 22 फूट बाय 24 फूट. पहिला धडा जमिनीचा. येथली माती चिकण. हिवाळ्यात तिच्यातले पाणी गोठून ती फुगते आणि वसंतात बसते. घराचा पाया या गोठणीच्या खाली न्यावा लागतो, म्हणजे सहा फुटांच्या आसपास. छोट्या सुट्या गॅरेजला मात्र सूट आहे. खडीच्या थरावर, कडेला जाड केलेला काँक्रीटचा एकसंध स्लॅब टाकायचा. जमीन उचलली की तो अख्खा उचलला जातो, बसली की अख्खा बसतो. "होडीसारखा," शेजारी म्हणाले. होडी म्हटल्यावर मला कोण आठवले असेल, हे सांगायला नको.

पण त्याआधी स्लॅब या शब्दानेच मला दुसरे काही आठवले होते.

2009 साली मी गावी पैसे पाठवले आणि फोनवर धाकट्या भावाला सांगितले, "छप्पर उतरवा आणि स्लॅब टाका." आमच्या घराचे छप्पर अब्बांनी लग्नाआधी स्वतः चढवले होते. ऐनाच्या तुळया, आढे, वासे, रिपा आणि वर मंगलोरी कौले. दर पावसाळ्याआधी कौले शाकारायची, माकडांनी फोडलेली बदलायची. अम्मीला त्रास व्हायचा आणि मोहल्ल्यात सगळ्यांचे स्लॅब झाले होते. अब्बा फोनवर आले. म्हणाले, "लाकूड अजून चांगलं आहे रे. घराला श्वास लागतो." मी म्हणालो, "अब्बा, आता जमाना बदललाय." ते म्हणाले, "बरं." एवढेच. स्लॅब झाला. 2015 मध्ये अब्बा गेले, तेव्हा मी मय्यतीलाही पोचू शकलो नाही.

जूनमध्ये लाकूड आले. येथे ज्याला 'दोन बाय चार' म्हणतात ते मोजले तर दीड इंच बाय साडेतीन इंच भरते. मुलीला वाटले दुकानदाराने फसवले. शेजारी हसून म्हणाले, कापलेले लाकूड भट्टीत सुकते, रंधले जाते. नाव जुनेच राहते. स्प्रूससारखे हे हलके, पांढरे लाकूड मी हातात घेतले आणि मनात म्हटले, याने घर उभे राहणार? अब्बांचा एक खांब दोन माणसांना उचलत नसे. ते लाकडाला खाच पाडत, दुसऱ्याचे टोक तासून त्यात बसवत. सांधा असा की खिळा लागू नये. येथे सांधा नाहीच. दर 16 इंचांवर एक उभी पट्टी, म्हणजे स्टड. खाली एक आडवी पट्टी, वर दोन. आणि बाहेरून चार बाय आठ फुटांचे तक्ते खिळ्यांनी ठोकायचे. एकटी पट्टी हाताने वाकते. पण सगळ्या ओळीत उभ्या राहिल्या, तक्ता त्यांना धरून बसला की भिंत हलत नाही. जमातीच्या नमाजात खांद्याला खांदा लावून सफ उभी राहावी, तसे.

प्रत्येक लाकडाला थोडा बाक असतो. डोळ्याजवळ धरून तो पाहायचा आणि सगळ्यांचे बाक एकाच बाजूला ठेवायचे. नाही तर भिंतीला लाटा येतात. शेजारी एक डोळा मिटून लाकूड न्याहाळू लागले आणि माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. अब्बा अगदी असेच बघायचे. लहानपणी मला वाटायचे, ते लाकडातून समुद्र बघतात.

पहिली भिंत आम्ही स्लॅबवर आडवी ठेवून खिळली. दिवसभराचे काम. संध्याकाळी शेजाऱ्यांनी टेपचे एक टोक मुलीच्या हाती दिले आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजायला लावले. अर्ध्या इंचाचा फरक निघाला. मी म्हणालो, "अर्धा इंच कुणाला दिसणार?" ते म्हणाले, "आज कुणालाच नाही. छप्पर चढवताना तुला दिसेल. दुसऱ्या कोपऱ्यात तो अर्धा इंच तुझी वाट बघत असेल." ठोकलेले दोन तक्ते काढले. वाकडे झालेले खिळे उपटताना माझा अंगठा फुटला. भिंत ढकलून काटकोनात आणली, कर्ण जुळले, मग पुन्हा ठोकले. हिशेबाच्या वहीत मी दोन बाजू न जुळणारा एक पैसाही कधी सोडला नाही. लाकडाच्या बाबतीत मात्र अर्धा इंच सोडायला निघालो होतो, कारण ते काम मी मनातून हलकेच समजत होतो.

छपरासाठी कारखान्यातून तयार ट्रस आणले. ट्रस म्हणजे आपल्याकडची कैची. बर्फाचे ओझे हिशेबात धरून त्या बनवतात. दोन-दोन फुटांवर एक, अशा तेरा. जूनच्या अखेरीस बकरी ईद झाली आणि त्या शनिवारी, 1 जुलैला, कॅनडा डेची सुट्टी होती. मशिदीतले सात-आठ जण आले. सोमाली, पाकिस्तानी, एक हैदराबादी, एक बोस्नियाचा. खाली शेजारी ठरल्याप्रमाणे ओरडत होते. जेवताना एकाने इनुविकच्या मशिदीची गोष्ट काढली. उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडच्या त्या गावात मशीद हवी होती. तेथे बांधण्यापेक्षा येथे बांधून नेणे स्वस्त पडणार होते. म्हणून 2010 मध्ये ती विनिपेगमध्ये बांधली आणि ट्रकवरून, पुढे नदीतून तराफ्यावरून सुमारे 4,000 किलोमीटर नेली. लाकडी सांगाड्याची इमारत म्हणूनच हे जमले. "स्लॅबची मशीद नेऊन दाखवा," हैदराबादी भाई म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी व्हिडिओवर अम्मीला छप्पर दाखवले. तिने बराच वेळ बघितले आणि विचारले, "आढं कुठाय?"

"यात आढं नसतं, अम्मी. कैच्या एकमेकींना धरून उभ्या राहतात."

"आढ्याशिवाय छप्पर!" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुझ्या अब्बांना बघायला आवडलं असतं. कुणी शिकवलं तुला?"

"शेजाऱ्यांनी."

ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

थंडीच्या आधी भिंतींत इन्सुलेशन भरले आणि आतल्या, म्हणजे उबेच्या बाजूने प्लॅस्टिकचा पडदा लावला. आतली ओल भिंतीत शिरून गोठू नये म्हणून. छताच्या वर इन्सुलेशन भरताना मला वाटले, फट राहायला नको. वळचणीपर्यंत ते दाबून कोंबले. मार्चमध्ये छतातून पाणी ठिबकू लागले. छप्पर गळते म्हणून मी हादरलो. शेजाऱ्यांनी मला शिडीवरून माळ्यात डोकावायला लावले. छपरातून आत आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर बर्फाचा गोळा होता आणि तो वितळत होता. गाडीवरच्या बर्फाची वाफ फटीतून वर गेली, थंड खिळ्यांवर गोठत राहिली आणि ऊन पडताच खाली आली. वळचणीतून हवा यायची ती मी बंद केली होती. "छप्पर गळत नाही," शेजारी म्हणाले. "तू त्याचा श्वास कोंडलास."

ते इंग्रजीत बोलले. मला ऐकू आले ते गावच्या बोलीत.

आता माझ्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा मोहल्ल्यातली कौले आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. अम्मी त्या रात्री स्लॅबखाली सुखरूप होती. तेव्हा स्लॅब टाकणे चूक होते, असे मी म्हणणार नाही. चूक वेगळी होती. ज्याने ते छप्पर चढवले त्याला मी विचारले नाही. फक्त कळवले.

गेल्या जानेवारीत गावी गेलो. भाऊ म्हणाला, "गोठ्यात अब्बांचं जुनं लाकूड पडलंय, गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू?" मी बघायला गेलो. तुळया जमिनीवर नव्हत्या. खाली जांभ्याचे चिरे, त्यावर तुळयांचा थर, प्रत्येक थरात सारख्या अंतरावर रिपांचे तुकडे, मग दुसरा थर. प्रत्येक लाकडाला चारी बाजूंनी हवा लागेल असे. विनिपेगला शेजाऱ्यांनी मला लाकूड असेच रचायला लावले होते. 2009 मध्ये, छप्पर उतरवले त्या आठवड्यात, अब्बांनी 'बरं' म्हणून हे रचून ठेवले होते. वाळवी नव्हती. आढे उचलून मी एका टोकाला डोळा लावला. एक डोळा मिटला. लाकूड सरळ होते.

भाऊ उत्तराची वाट बघत होता. मी घरात गेलो आणि अम्मीला विचारले, "याचं काय करायचं?"