छावणीतला आजार निसर्ग देत नाही



ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत मदतकार्य करत होतो. कृष्णेचं पाणी वस्तीत शिरलं होतं आणि माणसं वर्गखोल्यांत. माझ्या वहीत बिस्किटांचे पुडे, चादरी, पाण्याचे बॉक्स यांचा चोख हिशेब होता. संडास किती, हे मात्र त्या वहीत कुठेच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बौद्धवस्तीतल्या एका मावशीला थंडी वाजून ताप भरला. ओटीपोटात दुखत होतं. आमची एक कार्यकर्ती ताई तिच्याशेजारी बसली, तेव्हा कळलं की मावशी दिवसभरात जेमतेम दोन पेले पाणी पीत होती. "पाणी पिलं की जायला लागतंय. चालू संडास दोन, तेबी बापयांच्या खोलीम्होरं. अंधारात जायचं कुठं?" डॉक्टरांनी लघवीचा जंतुसंसर्ग सांगितला. पाण्याचे बॉक्स तिच्या उशाशीच रचलेले होते. मी ते मोजले होते. ती पाणी का पीत नाही, हे विचारलं नव्हतं.

पूर नैसर्गिक असेल, पण छावणीतला आजार बहुतेक वेळा माणसाच्या हलगर्जीपणातून येतो. दाटीवाटीने झोपलं की खोकला, गोवर, खरूज पसरते. पिण्याच्या पाण्यात घाण मिसळली की जुलाब आणि कावीळ. पायाला जखम असताना उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून चाललं की लेप्टोचा धोका. टीबी, बीपी, शुगरच्या गोळ्या घरासोबत बुडतात आणि उपचार तुटतो. यातलं बरंचसं टाळता येतं.

मग ते टळत का नाही? कारण ज्यांचं घर पक्कं, ज्यांचे पाहुणे शहरात, ते छावणीत फार दिवस राहत नाहीत. शेवटपर्यंत उरतात ते भूमिहीन, मजूर, सखल वस्तीतले. त्या शाळेत खोल्या गावातल्या गल्ल्यांप्रमाणेच वाटल्या गेल्या. आपल्या माणसांच्या वाट्याला पावसाचे शिंतोडे येणारा व्हरांडा आला. कुणी जातीचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. तुंबलेले संडास साफ करायला कुणाला बोलावलं, हे तर सांगायलाच नको. एम.ए.ला मी जातीच्या उतरंडीवर पानंच्या पानं लिहिली होती. ती उतरंड तिथे ओल्या सतरंजीवर झोपलेली दिसली.

आणि हे दयेचं प्रकरण नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम १२ नुसार छावणीतला निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांच्या किमान निकषांची मार्गदर्शक तत्त्वं सुचवणं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर बंधनकारक आहे. ठरलेले निकष सांगतात: माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, तीस माणसांमागे एक संडास, स्त्रियांसाठी वेगळी सोय. कलम ६१ मदतीत जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. आपल्यापैकी किती जणांनी हे वाचलंय? मीही पुरानंतरच वाचलं.

१९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. पुराला त्यांनी दैवाचा कोप मानलं नाही. त्याच नदीतून सिंचन आणि वीज देणारी बहुउद्देशीय योजना त्यांच्या खात्याने पुढे नेली. आपण मात्र अजून फूड पॅकेटपाशीच थांबलोय.

पुढच्या पुरात छावणीत जाल तेव्हा आधी संडास मोजा. रात्री तिथे दिवा आहे का बघा. नियमित गोळ्या घेणाऱ्यांची, गरोदर बायांची, तान्ह्या लेकरांची यादी करा. सोबत बाई कार्यकर्ती हवीच. पाण्यातून चालून आलेल्यांना डॉक्टरांसमोर उभं करा. आणि कमी पडेल ते कायद्याचं कलम लिहून तहसीलदाराकडे लेखी मागा, पोच घ्या.

मावशी बरी झाली. माझ्या वहीचं पहिलं पान मात्र बदललंय. आता बिस्किटं दुसऱ्या पानावर असतात.

जयभीम!