प्निक्सची टेकडी आणि पवनारचे भाषण

वक्तृत्व म्हणजे टाळ्या मिळवणारे भाषण, ही समजूत शालेय स्पर्धांनी आपल्याकडे पक्की करून टाकली आहे. मी वर्ध्याचा, त्याच स्पर्धांत वाढलो. म्हणूनच अथेन्सच्या वक्त्यांविषयी प्रथम वाचले तेव्हा नवल वाटले. तिथे भाषण हे राज्यकारभाराचे साधन होते.

प्निक्स टेकडीवर नागरिकांची सभा भरे. दवंडीवाला विचारी, कोणाला बोलायचे आहे? कोणीही नागरिक उठू शके. (नागरिक म्हणजे फक्त प्रौढ पुरुष, स्त्रिया, गुलाम आणि परके वगळून. अथेन्सचे गोडवे गाताना हे विसरू नये.) भाषणे संपली की हात वर होत आणि युद्ध की तह, याचा निकाल तिथेच लागे. डेमॉस्थेनिसने इ.स.पू. 351 च्या सुमारास मॅसिडोनच्या फिलिपविरुद्ध पहिले भाषण केले, ते जहाजे, सैनिक आणि पैसा मागण्यासाठी. बोलणाऱ्याच्या माथी जोखीमही असे. बेकायदा ठराव मांडणाऱ्यावर पुढे खटला भरता येई.

आता आपल्या धाम नदीकाठी या. 3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचे घोषित केले. माणसे आणि पैसा ज्यांनी द्यायचा, त्यांना कोणी विचारलेच नाही. गांधीजींनी मागितले ते एवढेच, की युद्धाला साहाय्य करू नका असे लोकांना सांगण्याची मोकळीक असावी. सप्टेंबर 1940 मध्ये सिमल्याच्या भेटीत ती नाकारली गेली. मग वैयक्तिक सत्याग्रह ठरला. पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांचे नाव आधीच जाहीर केले, आणि 17 ऑक्टोबरला विनोबा पवनारला उभे राहिले. सत्याग्रह तो काय, तर एक भाषण!

मला यातला फरक मोलाचा वाटतो. डेमॉस्थेनिसला सभेचे मत वळवायचे होते. विनोबांसमोर वळवण्याजोगे मतदानच नव्हते. त्यांच्या बोलण्याचा हेतू बोलण्याचा हक्क बजावणे हाच होता. म्हणून तिथे गर्दी नको होती, आवेशही नको होता. सरकारला मात्र त्याचा अर्थ बरोबर कळला. सत्याग्रहाचा वृत्तांत छापण्याआधी दाखवावा, अशी सूचना आली, तेव्हा गांधीजींनी 'हरिजन' साप्ताहिकेच बंद ठेवली. 21 ऑक्टोबरला विनोबांना अटक झाली, तीन महिन्यांची शिक्षा झाली. सुटल्यावर त्यांनी पुन्हा तेच भाषण केले, आणि पुन्हा तुरुंगात गेले.