शास्त्राचीं साधनें : कपाटांतलीं आणि हातांतलीं

शास्त्र हा विषय शाळेंतील इतर विषयांहून एका बाबतींत निराळा आहे. इतिहासांत घडून गेलेली गोष्ट पुनः घडवून दाखवितां येत नाहीं. कवितेंतील चंद्र वर्गांत आणतां येत नाहीं, आणि आणण्याचें कारणहि नाहीं. परंतु शास्त्राच्या पुस्तकांत जें विधान छापलेलें असतें, त्याची शहानिशा करून पाहण्याचा हक्क अगदीं शेवटच्या बांकावर बसणाऱ्या मुलासहि असतो. हा हक्क त्याला बजावतां यावा म्हणून ज्या वस्तु लागतात, त्यांनाच आपण शिक्षणाचीं साधनें म्हणतों. यंदां कित्येक पालकांनीं मोठ्या आस्थेनें विचारलें कीं, "बाई, शास्त्राच्या वर्गासाठीं आम्ही शाळेला काय घेऊन द्यावें?" प्रश्न थोडक्यांत होता, उत्तर मात्र थोडक्यांत देतां येईना. तें या अंकाच्या निमित्तानें सविस्तर देत आहें.

गेलीं बावीस वर्षें मी माध्यमिक वर्गांस शास्त्र शिकवीत आलें आहें. या काळांत अनेक शाळांच्या प्रयोगशाळा पाहण्याचा योग आला. बहुतेक ठिकाणीं एक कपाट असतें. त्याला कांचेचीं दारें असतात आणि त्या दारांना कुलूप असतें. आंत चंचुपात्रें, परीक्षानळ्या, स्पिरिटचे दिवे ओळीनें मांडलेले असतात. पाहुणे आले म्हणजे त्यांस हें कपाट अगत्यानें दाखविण्यांत येतें. मुलें तें रोजच पाहतात, पण बाहेरून. यांत कोणाचा दुष्टावा नसतो. कपाटांतील प्रत्येक वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरांत नोंद असते. फुटलेल्या वस्तूचा जाब द्यावा लागतो, न वापरलेल्या वस्तूचा जाब मात्र कोणी विचारीत नाहीं! मग शिक्षक फळ्यावर दिव्याची आकृति काढतात, मुलें ती वहींत उतरवून घेतात, नांवें देतात, आणि आकृतीला दहापैकीं नऊ गुण मिळतात. ज्योत मात्र पेटलेलीच नसते.

साधन महाग असलें म्हणजेच तें चांगलें, ही समजूत किती खोटी आहे याचा सुंदर दाखला मायकेल फॅरडे यांनीं घालून दिला आहे. ते १७९१ सालीं एका लोहाराच्या घरीं जन्मले. लहानपणीं पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत उमेदवारी करतांना, बांधावयास आलेलीं पुस्तकेंच वाचून त्यांना शास्त्राची गोडी लागली. पुढें त्यांनीं विद्युच्छास्त्रांत जे शोध लावले, त्यांच्याच आधारें आज घरोघर वीज पोंचते. या थोर पुरुषानें १८६०-६१ च्या नाताळांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं सहा व्याख्यानें दिलीं, आणि साहीं व्याख्यानांचा विषय एकच होता : मेणबत्ती. ज्योतीच्या मधल्या काळसर भागांत कांचेची वांकडी नळी धरून त्यांनीं आंतील मेणाची वाफ बाहेर आणली, व नळीच्या दुसऱ्या टोकाशीं ती पेटवून दाखविली. मेणबत्तींत जळते ती मेणाची वाफ, ही गोष्ट त्या मुलांनीं नुसती ऐकली नाहीं, डोळ्यांनीं पाहिली. विद्यार्थिमित्रहो, वडील माणूस जवळ असतांना तुम्हीहि हें ताडून पाहा. मेणबत्ती फुंकून विझवा, आणि वातींतून जो पांढरा धूर वर चढतो त्याला लगेच पेटती काडी दाखवा. ज्योत धुराच्या वाटेनें खालीं उतरून वात पुनः पेटविते. या प्रयोगाला कोणत्याहि कपाटाची किल्ली लागत नाहीं.

दुसरी हकीकत अधिक विचार करावयास लावणारी आहे. १९४५ सालीं दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां कित्येक देशांतील शाळांच्या प्रयोगशाळा बेचिराख झाल्या होत्या. तेथील शिक्षकांच्या उपयोगासाठीं जे. पी. स्टीफन्सन या इंग्रज शिक्षकानें एक पुस्तिका लिहिली, व युनेस्को संस्थेनें ती प्रसिद्ध केली. डबे, बाटल्या, तारा, दोरे अशा साध्या वस्तूंतून उपकरणें कशीं करावीं, हें तींत सांगितलें होतें. मग नवल असें झालें कीं, जेथें बाँब पडले नव्हते अशा देशांतूनहि तिला मागणी आली. कारण तेथील शाळांत प्रयोगशाळा मुळीं कधीं नव्हत्याच. या पुस्तिकेचाच पुढें विस्तार होऊन १९५६ सालीं युनेस्कोनें शास्त्रशिक्षकांसाठीं एक मोठें साधनपुस्तक काढलें, आणि तें अनेक भाषांत गेलें. उध्वस्त शाळांसाठीं लिहिलेलें पुस्तक धडधाकट शाळांना उपयोगी पडावें, यांत आपण सर्वांनीं घ्यावयाचा बोध भरपूर आहे.

आपल्या देशांतील उदाहरण तर याहून जवळचें आहे. मध्य प्रदेशांतील होशंगाबाद (आतां नर्मदापुरम) जिल्ह्यांत १९७२ सालीं किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनीं सोळा शाळांतून एक नवी रीति सुरू केली. सहावी ते आठवीचीं मुलें चार-चारांच्या टोळ्या करून बसत. प्रत्येक टोळीपुढें प्रयोगाचें साहित्य असे. आणि पुस्तकांत तयार उत्तरें नसून प्रश्न असत. परीक्षेंत पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा होती, आणि हातानें प्रयोग करून दाखविण्याची परीक्षा निराळी होती. १९७८ मध्यें हें काम जिल्हाभर पसरलें. १९८२ मध्यें स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनें तें पुढें चालविलें. आणि २००२ सालीं राज्य सरकारनें तें बंद केलें. तीस वर्षांच्या या कामापासून मीं एक गोष्ट शिकलें आहे. साधनें हातांत दिलीं, पण परीक्षा पाठांतराचीच ठेवली, तर साधनें हळूहळू पुनः कपाटांत जातात. म्हणून त्या शिक्षकांनीं दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या.

याच कामांत अरविंद गुप्ता हे तरुण अभियंते १९७८ सालीं येऊन मिळाले. सायकलच्या व्हाल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगकाड्या एवढ्याच सामानावर त्यांनीं मुलांना भूमिति हातानें करावयास लाविलें. नळीच्या तुकड्यांनीं तीन काड्या जोडल्या कीं त्रिकोण होतो, आणि तो दाबला तरी आकार सोडीत नाहीं. चार काड्यांचा चौकोन मात्र बोटाच्या धक्क्यानें कलतो. पुलांच्या व छपरांच्या सांगाड्यांत इतके त्रिकोण कां असतात, याचें उत्तर मुलाच्या बोटांना मिळतें. पुढें पुण्याच्या आयुका संस्थेंतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत त्यांनीं टाकाऊ वस्तूंतून असंख्य खेळणीं मुलांपुढें ठेविलीं. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री देण्यांत आली.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, "दूरच्या गोष्टी पुरे, तुमच्या वर्गांत काय घडलें तें सांगा." म्हणून एक हकीकत सांगतें. नववीच्या वर्गांत सूर्याचा व्यास मोजावयाचा होता. लागणारें सामान एवढेंच : एक लहानसा आरसा, त्यावर चिकटविण्यास काळा कागद, त्या कागदाला वाटाण्याएवढें भोंक, आणि मोजपट्टी. आरसा उन्हांत धरून त्याचा कवडसा अंधाऱ्या दालनाच्या दूरच्या भिंतीवर पाडावयाचा. शेवटच्या बांकावरील एका मुलानें आरसा आणण्याचें कबूल केलें. त्याच्या वडिलांचें केशकर्तनालय होतें. आरसा त्या दुकानांतला. मुलगा अबोल, पाठांतरांत मागें. नववीनंतर त्याला दुकानांत घ्यावयाचें, असें घरीं जवळजवळ ठरलेलें होतें. परंतु आरसा कसा तिरपा करावा, कवडसा कसा स्थिर धरावा, हें वर्गांत त्याच्याइतकें कोणासच येईना. पहिला कवडसा भिंतीवर पडला तोंच तो म्हणाला, "बाई, भोंक चौकोनी केलें तर?"

सर्व वर्गानें एका सुरांत उत्तर दिलें कीं, कवडसाहि चौकोनी पडेल. मीं पुस्तक मिटून ठेविलें व कागद कापावयास सांगितलें. जवळच्या भिंतीवर कवडसा खरोखरच चौकोनी पडला, आणि वर्गानें जयघोष केला. परंतु त्या मुलानें आरसा हळूच वळवून कवडसा अकरा मीटरांवरच्या भिंतीवर नेला. तेथें तो वाटोळा होता! दालनांत एकदम शांतता पसरली. दूरच्या भिंतीवर भोंकाचा आकार नाहींसा होऊन सूर्याची प्रतिमा उरते, हें वाक्य मला उच्चारावेंच लागलें नाहीं. दोन मुलींनीं तें आपल्या शब्दांत सांगितलें. मग आम्हीं व्यास मोजला. तो सुमारें १० सेंटिमीटर भरला, म्हणजे अंतराच्या एकशेदहाव्या हिश्श्याएवढा. सूर्य आपल्यापासून सुमारें १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा एकशेदहावा हिस्सा काढतां व्यास सुमारें १३ लाख ६० हजार किलोमीटर येतो. शास्त्रज्ञांचा आंकडा सुमारें १३ लाख ९२ हजार आहे. न्हाव्याच्या आरशानें आणि शाळेच्या मोजपट्टीनें आम्ही त्याच्या अगदीं जवळ जाऊन पोंचलों होतों.

त्याच वेळीं मुलाचे वडील आरसा परत न्यावयास आले. ते दारांत उभे राहून भिंतीकडे पाहत होते. कवडसा भिंतीवर हळूहळू सरकत होता. "हा खरोखरचा सूर्यच कां?" त्यांनीं मुलाला विचारलें. मुलगा एरवीं एका शब्दानें उत्तर देई. त्या दिवशीं त्यानें वडिलांना सगळा हिशेब समजावून सांगितला. ते गेले, पण आरसा त्या दिवशीं शाळेंतच राहिला. पुढच्या जूनमध्यें मुलगा दहावीच्या वर्गांत आला. त्याचे गुण विशेष वाढले असें मी म्हणणार नाहीं. परंतु तो प्रश्न विचारूं लागला, आणि तें आजहि चालू आहे.

आतां मोठ्या पडद्याविषयीं. तो शाळेंत यावा असें अनेक पालकांना वाटतें, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. ज्वालामुखीचा उद्रेक, गुरूभोंवतीं फिरणारे उपग्रह, हृदयाच्या झडपांची हालचाल, हीं दृश्यें वर्गांत दुसऱ्या मार्गानें आणतां येत नाहींत. परंतु पडद्यावरील प्रयोग नेहमींच यशस्वी होतो. तेथें भोंक चौकोनी करून पाहावें असें कोणास वाटत नाहीं, आणि वाटलें तरी करतां येत नाहीं. जें हातानें करतां येतें तें पडद्यावर दाखवूं नये, आणि जें हातानें करतां येत नाहीं तेवढ्यासाठींच पडदा वापरावा, एवढीच माझी विनंती आहे.

कांहीं वस्तु मात्र विकतच घ्याव्या लागतात : भिंगें, लोहचुंबक, तापमापक, अचूक तराजू, सूक्ष्मदर्शक. येथेंहि हिशेब करावा. साठ मुलांत एकच सूक्ष्मदर्शक असला, तर तीस मिनिटांच्या तासांत प्रत्येकाच्या वाट्यास अर्धें मिनिट येतें. तेवढ्यांत कांद्याच्या पापुद्र्यांतील विटांसारख्या पेशी दिसतात न दिसतात तोंच मागचा मुलगा पुढें ढकलतो. म्हणून एका भारी यंत्रापेक्षां साधीं दहा बरीं. मनु प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत कागदाच्या घड्या घालून करावयाचा फोल्डस्कोप नांवाचा सूक्ष्मदर्शक तयार करून २०१४ सालीं जगापुढें मांडला, तो याच विचारानें. तसेंच तीव्र आम्लें शिक्षकांनींच हाताळावीं, आणि सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनीं वा भिंगांतून कोणींहि कधींच पाहूं नये. मुलांच्या हातीं साधनें देणें म्हणजे त्यांना धोक्यांत लोटणें नव्हे.

तेव्हां सुज्ञ पालकहो, आपल्या प्रश्नाचें माझें उत्तर असें आहे. पैसे देणें झाल्यास ते भिंगें व सूक्ष्मदर्शक यांसाठीं द्यावे, आणि त्यांतील कांहीं फुटतील हें आधींच मान्य करून द्यावे. त्याशिवाय रिकाम्या बाटल्या, जुने आरसे, सायकलच्या नळ्या, दोरे, डबे हें सर्व आम्हांला हवें आहे. आणि घरीं मुलानें जास्वंदीचीं फुलें गरम पाण्यांत कालवून त्या रंगांत एकदां लिंबू व एकदां खाण्याचा सोडा घातला, एक भाग गुलाबी व एक हिरवा करून ठेवला, तर वाटी खराब केली म्हणून त्याला रागावूं नये. साबण लावतांच हळदीचा डाग लाल कां होतो, हें आपण त्याला विचारावें. तें उत्तर त्याच वाटींत आहे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं एक काम. एका दोऱ्याला लहानसा दगड बांधा आणि दोरा अशा रीतीनें टांगा कीं, टांगण्याच्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर अंतर भरेल. दगड थोडासाच बाजूला ओढून सोडा आणि वीस झोके मोजा. त्यांना सुमारें ४० सेकंद लागतील. मग दुप्पट जड दगड बांधा. पण मोजण्यापूर्वीं किती सेकंद लागतील असें वाटतें तें वहींत लिहून ठेवा. त्यानंतर मोजा, आणि पुस्तकांत काय लिहिलें आहे तें सर्वांत शेवटीं पाहा.